निळी गोळी आणि मामांचा कंदील

आपल्या मध्यमवर्गीय घरांत आजारांविषयी बोलण्याचा उत्साह दांडगा असतो. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, यांपैकी कशाचेही नाव निघाले, की बैठकीतल्या प्रत्येकापाशी स्वतःचा एक अनुभव आणि दुसऱ्याकरिता एक काढा तयार असतो. चहा गार होतो, पण गोष्ट संपत नाही. पोटाच्या तक्रारी तर आपण जेवताना पानावरसुद्धा सांगतो. मात्र दोन आजार असे आहेत, की ते घरात असले तरी त्यांना कोणी चारचौघांत आणीत नाही. एक, पिढीजात चालत आलेला. कारण घरात लग्नाच्या मुली असतात. दुसरा, पुरुषाच्या पुरुषपणाचा. कारण घरात पुरुष असतो!

या दोन आजारांची एकमेकांशी ओळख असेल, असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते. ती आहे, आणि ती डोळ्याच्या पडद्यावर होते, हे मला साठी उलटल्यावर कळले. दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. हा अंक घरातली सारी माणसे वाचतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच येथे लिहितो आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. 2015 साली निवृत्त झालो. मधुमेह त्याच्या पुष्कळ आधीपासून सोबतीला होता, आणि तो काही निवृत्त होणारा नव्हे. 2019 साली नेहमीच्या तपासणीला गेलो असता डॉक्टरांनी साखरेचे आकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि सहज विचारावे तसे विचारले, "बाकी संसार कसा चाललाय, सर?"

"उत्तम," मी म्हणालो. "मुलगा बंगलोरला स्थिरावला..."

"मी मुलाचं नाही विचारत," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितले ते सांगायला हवे. मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही कमजोर होत जातात. त्यामुळे इंद्रियाला ताठरता न येण्याची तक्रार मधुमेही पुरुषांत फार आढळते. ती लाजेची गोष्ट नव्हे. उलट हृदयाच्या रक्तवाहिन्यांत काही बिघाड व्हावयाचा असेल तर कित्येकदा त्याची आगाऊ वर्दी या तक्रारीनेच मिळते. म्हणून त्यांनी आधी हृदयाचा आलेख काढविला, रक्तदाब पाहिला, आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी मी कधी घेतो का, हे दोनदा विचारले. ती गोळी आणि ही गोळी एकत्र आल्या तर रक्तदाब इतका खाली जातो, की माणूस दगावू शकतो. मी घेत नव्हतो. तेव्हा त्यांनी चिठ्ठीवर सिल्डेनाफिल, 50 मिलिग्रॅम, असे लिहून दिले.

औषधाच्या दुकानदाराने गोळ्या कागदाच्या पिशवीत घालून, माझी कधी गाठच पडली नसावी असा चेहरा करून, माझ्या हातात ठेवल्या. तो माझा विद्यार्थी होता.

त्या रात्रीचे सांगण्यासारखे एवढेच, की गोळी घेतल्यावर तासाभराने मला आमच्या खोलीतली पांढरी चादर निळसर दिसू लागली. भिंत निळसर, नळीच्या दिव्याचा उजेड निळसर. मी पत्नीला म्हणालो, "आज चादरींना नीळ जास्त झाली का गं?"

"नीळ घरात आणून चार वर्षं झाली!" ती म्हणाली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. आणि कोणती गोळी घेतलीत तेही सांगा. नाहीतर हवा बदलली म्हणून सांगाल!"

सकाळी चादर पांढरी होती. तरीही मी गेलो. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाच्या एक बाई. मी बराच वेळ हवापाण्याविषयी बोललो. शेवटी गोळीचे नाव घेतले, तेव्हा त्यांनी कागदावरची मानसुद्धा वर केली नाही. "किती मिलिग्रॅम?" एवढेच विचारले. डॉक्टरांना जे विचारताना काही वाटत नाही, ते सांगताना आपल्याला एवढे का वाटावे, हा प्रश्न मला तेथेच पहिल्यांदा पडला. त्यांनी मला जे समजावून दिले ते जुन्या सवयीने फळ्यावर मांडावे तसे मांडतो.

आपल्या शरीरात सायक्लिक जीएमपी नावाचा एक निरोप्या आहे. पुरुषाच्या इंद्रियात योग्य वेळी तो तयार झाला, की तेथील रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, रक्त भरते आणि ताठरता येते. काम झाले की या निरोप्याला तोडून टाकणारी एक कात्री आहे. फॉस्फोडायएस्टरेज असे तिचे नाव. या कात्र्यांची शरीरात अकरा घराणी आहेत; इंद्रियातली कात्री पाचव्या घराण्यातली. ही गोळी त्या कात्रीचे तोंड धरून ठेवते. निरोप्या जास्त वेळ टिकतो, आणि गोळीचे काम होते. मनात इच्छा नसेल तर निरोप्या मुळात तयारच होत नाही. म्हणून नुसती गोळी काही करीत नाही.

आता डोळा. डोळ्याच्या पडद्यात दंडपेशी आणि शंकूपेशी असतात. दंडपेशी सुमारे बारा कोटी. त्या अंधुक उजेडात पाहण्यासाठी. शंकूपेशी साठ लाखांच्या आसपास. त्या दिवसाच्या उजेडासाठी आणि रंगांसाठी. या पेशींतही तोच निरोप्या आहे. काळोखात तो पेशीची दारे उघडी ठेवतो. उजेड पडला, की तेथली कात्री चालू होते, निरोप्या तुटतो, दारे बंद होतात, आणि पेशी गप्प होते. त्या गप्प होण्यावरून मेंदू ओळखतो, की उजेड झाला. काळोखात जागे राहायचे आणि उजेड दिसताच गप्प बसायचे, अशी ही उलटी तऱ्हा आहे. डोळ्यातली ही कात्री सहाव्या घराण्यातली, म्हणजे पाचवीची अगदी जवळची भाऊबंद. सिल्डेनाफिल पाचवीला जितक्या घट्ट धरते, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाने सहावीलाही धरते. मोठी मात्रा घेतली, की डोळ्यातली कात्रीही थोडी अडखळते, आणि काही वेळ निळा-हिरवा भेद नीट होत नाही, जगावर निळी झाक चढते, उजेड डोळ्यांत खुपतो.

औषधाच्या चाचण्यांतच हे दिसून आले होते. गरजेप्रमाणे मात्रा कमीजास्त करून घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण तिघांनी दृष्टीतल्या बदलाची तक्रार केली. ठरावीक 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरांत अकरा होते. रक्तात औषध सर्वांत जास्त असते तेव्हा, म्हणजे गोळीनंतर तासाभराने, हा परिणाम सर्वांत जास्त. मग चार तासांत रक्तातले औषध अर्ध्यावर येते आणि काही तासांत डोळा पूर्ववत होतो. निरोगी डोळ्याचे यात कायमचे नुकसान होत नाही. माझी मात्रा निम्मी केली आणि आमच्या चादरी पुन्हा पांढऱ्या झाल्या.

या गोळीचा इतिहासही मजेदार आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या सँडविच गावी फायझर कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथे हे औषध हृदयशूळासाठी तयार झाले होते. हृदयाला त्याचा म्हणावा तसा उपयोग होईना. पण चाचणीतल्या पुरुषांनी एक निराळाच परिणाम सांगितला, आणि औषधाची दिशा बदलली. 27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याच वर्षी शरीरातल्या नायट्रिक ऑक्साइडचे काम शोधून काढल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपला निरोप्या तयार होतो तो याच नायट्रिक ऑक्साइडच्या इशाऱ्याने. आणि गंमत पाहा, सुरुंगाच्या दारूवर श्रीमंत झालेल्या खुद्द आल्फ्रेड नोबेलना म्हातारपणी डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन घ्यावयास सांगितले होते. तेच नायट्रोग्लिसरीन आणि त्याची भावंडे म्हणजे आजच्या जिभेखालच्या गोळ्या. त्यांचेही काम नायट्रिक ऑक्साइडमार्फतच चालते. दोन्ही औषधे एकाच दोरीला ओढतात. म्हणून ती एकत्र घ्यावयाची नाहीत. आपल्या देशात 2005 पर्यंत औषधी द्रव्यावर पेटंट मिळत नसे. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी ही गोळी लवकरच आणि स्वस्तात बाजारात आणली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये असा कायदा आहे. कायदा दुकानदारांना पाठ असतो, आणि गिऱ्हाइकाचा पडलेला चेहराही त्यांना ओळखता येतो.

येथवरची कथा हसण्यावारी नेण्यासारखी होती. पुढची तशी नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी दोन प्रश्न अधिक विचारले होते. पहिला, "एखाद्या सकाळी उठल्यावर एका डोळ्याने एकदम कमी दिसलं, असं कधी झालंय का?" डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा एकाएकी तुटून, न दुखता, एका डोळ्याची दृष्टी जाण्याचा एक विकार आहे. पन्नाशी उलटलेल्यांत, मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांत, आणि ज्यांच्या नसेचे तोंड जन्मतःच अरुंद व दाटीचे आहे अशांत तो जास्त दिसतो. या गोळ्या घेणाऱ्या काहींना तो झाल्याचे आढळल्यावर 2005 साली अमेरिकेच्या औषध खात्याने वेष्टणावर तशी सूचना छापावयास लावली. गोळीमुळेच तो होतो असे सिद्ध झालेले नाही. पण एक डोळा असा गमावलेल्याने दुसरा पणाला लावू नये, हे कोणालाही पटेल.

दुसरा प्रश्न होता, "घराण्यात कुणाला रातांधळेपणा?"

माझ्या मामांना होता.

मामा वाईजवळच्या एका खेड्यात राहत. 1960 नंतरच्या त्या काळात तेथे वीज नव्हती. दिवे लागले, की मामा ओट्यावरून हलत नसत; हलावेच लागले तर हातात कंदील, आणि दुसरा हात भिंतीवर. गावाने त्यांना शेवग्याचा पाला खाऊ घातला, गाजरे खाऊ घातली. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा त्याने बरा होतो. मामांचा होईना, कारण तो निराळा होता. यात दंडपेशी एकेक करून मरत जातात. आधी रात्र जाते, मग कडेचे दिसेनासे होते, आणि नळीतून पाहावे तेवढेच जग उरते. पंचेचाळिशीत मामांना समोरून आलेला माणूस दिसे, बाजूने गेलेला दिसत नसे. गाव म्हणे, मामा गर्विष्ठ झाले, ओळख दाखवीत नाहीत.

आजी आणि आजोबा हे आतेमामे भावंडांतले. आपल्याकडे ते सर्रास चाले. दोघांकडे एकाच बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असेल, तर दोघांना काही होत नाही. पण ज्या मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येतात, त्याचे डोळे जातात. मामांच्या लग्नात आजोबांनी गोरज मुहूर्त कटाक्षाने टाळला आणि सकाळचा धरला. मुलीकडच्यांना वाटले, केवढे धार्मिक लोक! खरे कारण मामींना लग्नानंतर आठ दिवसांनी, मागील दारच्या पायरीवर कळले.

आता या दोन आजारांची ओळख सांगतो. असा रातांधळेपणा अनेक जनुकांपैकी कोणत्याही एकाच्या बिघाडाने येतो, आणि त्यांतल्या काही घराण्यांत बिघडलेली वस्तू असते ती नेमकी डोळ्यातली सहावी कात्री. कात्री चालत नाही, निरोप्या साचत जातो, आणि त्या साचण्यानेच पेशी मरतात. जी कात्री मामांना जन्मतः मिळाली नसावी, तिलाच सिल्डेनाफिल काही तास अडखळवते! म्हणून या औषधाच्या वेष्टणावर अशा रोग्यांना जपून राहण्याची सूचना असते. ज्यांच्याकडे एकच प्रत बिघडलेली आहे आणि ज्यांचे डोळे चांगले आहेत, त्यांचे काय? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2014 साली उंदरांवर पाहिले: माणसाच्या मानाने पुष्कळ मोठ्या मात्रेनंतर साध्या उंदरांचा डोळा दोन दिवसांत सावरला; एक प्रत बिघडलेल्या उंदरांना दोन आठवडे लागले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण दोन आठवड्यांचा फरक विसरण्याजोगाही नव्हे.

आईकडून ती प्रत माझ्याकडे आली असण्याचा संभव होता. मी रक्त तपासून घेतले. ती आलेली नव्हती. माझी निळी चादर ही सर्वसाधारण माणसाची निळी चादर होती.

मामेभावाची गोष्ट वेगळी. मामांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. तेव्हा त्यांच्या मुलाकडे एक असणारच, त्याला इलाज नाही. तो साताऱ्यास असतो. 2022 च्या दिवाळीनंतर मी त्याच्याकडे गेलो असता जेवणानंतर तो मला गच्चीवर घेऊन गेला.

"अण्णा, परवा पुण्याहून येताना खंबाटकी ओलांडली, आणि समोरच्या गाड्यांचे दिवे निळे-निळे दिसायला लागले. डोळे असे दिपले, की गाडी कडेला घेऊन तासभर बसून राहिलो. वडिलांचं दुखणं सुरू झालं का रे मला?"

चोपन्न वर्षांचा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"वाटेत गोळी घेतली होतीस?" मी विचारले.

तो तुळशीच्या कुंडीकडे पाहू लागला. "तुला कोण म्हणालं?"

"दिवे म्हणाले."

घरी पोहोचेपर्यंत वेळ जमून यावी म्हणून त्याने शिरवळला चहाबरोबर गोळी घेतली होती. मित्राच्या सांगण्यावरून, चिठ्ठीवाचून, 100 मिलिग्रॅमची. वहिनींना सांगितले होते, पित्ताची आहे. मी त्याला कात्रीची सारी हकीकत सांगितली. ती गोळी बंद कर आणि डोळे दाखव, असे म्हणालो. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आत्ता हे नको काढूस, अण्णा. पोरीचं जमत आलंय."

त्या एका वाक्यात आजोबांचा सकाळचा मुहूर्त पुन्हा उभा राहिला. मी त्याला समजावले, की एका प्रतीने कोणी आंधळे होत नाही. मुलीकडे ती आली असण्याचा संभव निम्मा. आणि आली असली तरी नवऱ्याकडेही त्याच जनुकाची बिघडलेली प्रत असेल तरच मुलांना धोका. स्थळ नात्यातले नव्हते. मग लपवायचे काय? पण आकड्यांनी भीती जात नाही, हे मी तीस वर्षे वर्गात पाहिले आहे.

तेवढ्यात दारातून मामींचा आवाज आला. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. गुडघे गेलेत, कान शाबूत. त्यांनी किती ऐकले होते देव जाणे. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडलांनी मला आधी सांगितलं असतं, तरी मी त्यांच्याशीच लग्न केलं असतं रे. फक्त पहिले आठ दिवस कंदील त्यांच्या हातात असायचा, तो माझ्या हातात असता." आणि त्या काठी टेकीत आत गेल्या.

त्या रात्री मामेभावाने वहिनींना काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात दोघे मिळून पुण्याला आमच्याकडे आली. डोळ्यांची सारी तपासणी झाली: कडेच्या दृष्टीची आणि पडद्याच्या विद्युत्-आलेखाचीही. पडदा निरोगी निघाला. रक्ताच्या तपासणीत सहाव्या कात्रीच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली निघाली. ती तशीच निघायची होती. पण साखरही निघाली, दोनशेच्या पुढे, आणि ती मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. मूळ तक्रार तिचीच होती! डॉक्टरांनी सिल्डेनाफिल बंद करून आधी साखरेवर उपाय सुरू केला. पुढे लागलेच तर या वर्गातली टाडालाफिलसारखी औषधे आहेत, जी सहाव्या कात्रीला फारच थोडी धरतात. गोळीशिवायचे उपायही आहेत. ते ठरवणे डॉक्टरांचे काम, मित्राचे नव्हे.

वाचकांपैकी ज्यांच्या कपाटात, हिशेबाच्या वहीमागे, अशी एखादी पट्टी असेल, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जिभेखालची गोळी घेत असाल तर ही घेऊ नका, आणि ही घेतली असताना छातीत दुखू लागले तर दवाखान्यात पहिल्याप्रथम हेच सांगा. ज्या दिवशी गोळी, त्या रात्री गाडी चालवू नका. एका डोळ्याने एकाएकी कमी दिसले तर सकाळची वाट पाहू नका. आणि घराण्यात कोणी कंदील घेऊन चालणारे होते का, याची घरातल्या वडील माणसांकडे चौकशी करा. ती माणसे आहेत तोवरच ती होऊ शकते.

मुलीच्या स्थळाला मामेभावाने सारे सांगितले. त्यांनी दोन दिवस घेतले, आपल्या डॉक्टरांना विचारले आणि होकार कळवला. 2023 च्या मे महिन्यात साताऱ्याला लग्न झाले. मुहूर्त गोरज होता. मामी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, आणि कार्यालयात दिव्यांचा झगमगाट फार केलाय म्हणून कुरकुरत होत्या.